लहान मुलं घरात असताना नर्सिंगला जावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी झाली, लग्न झालं, मुलं झाली आणि आता काहीतरी पक्कं शिकून नोकरी करायची आहे, अशा बायकांसाठी हे पान आहे. नर्सिंग शिकवताना जे प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. माझं एक मत आधीच सांगून टाकते: लेकुरवाळ्या बाईला नर्सिंगची नोकरी जमते, तिला जड जातात ती शिक्षणाची वर्षं. सगळं नियोजन त्या वर्षांचं करा.

माझं वय ३१, मुलगा चार वर्षांचा. उशीर झाला का?

प्रवेशासाठी नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे किमान वय १७ आणि कमाल ३५. पण इथे बऱ्याच जणी फक्त प्रवेशाचं वय बघतात आणि पुढच्या नोकरीचं वय बघायचं विसरतात. ३१व्या वर्षी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे नर्सिंगची तीन वर्षांची पदविका) घेतलं तर ३४व्या वर्षी बाहेर पडाल. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, म्हणजे हातात चार वर्षं उरतात. सरकारी भरती दरवर्षी निघेलच असं नाही, तेव्हा त्या चार वर्षांत एखाददोनच संधी येतील असं धरून चाला. एम्स रुग्णालयांच्या नर्स भरतीची नॉरसेट परीक्षा मात्र खुल्या प्रवर्गाला ३० वर्षांपर्यंतच, तिचा विचार सोडून द्या. खासगी रुग्णालयांत वयाचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे अनुभव विचारतात.

एएनएम, जीएनएम की बी.एस्सी.?

एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स) दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. लहान मुलं असलेली बाई साहजिकच सगळ्यात छोटा कोर्स बघते. एएनएम करून तुम्ही जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका होऊ शकता. उपकेंद्र, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, गृहभेटी असं ते काम. गावात राहणाऱ्या आणि गावातच नोकरी हवी असणाऱ्या बाईला ते चांगलं जमतं. पण मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, व्हायचं असेल, तर एएनएमवर दार उघडत नाही. मग पुन्हा जीएनएमला बसायचं, म्हणजे एकूण पाच वर्षं गेली. त्यापेक्षा एक वर्ष जास्त सोसून सुरुवातीलाच जीएनएम केलेलं बरं.

बी.एस्सी. झालेल्यांना पुढे शिकवण्याच्या जागा, एम.एस्सी., परदेश असे जास्त रस्ते मिळतात. जीएनएम केलेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून तिथेच पोहोचता येतं. माझा कल सांगायचा तर, मूल तीन वर्षांच्या आतलं असेल आणि घरात पैशाची निकड असेल तर जीएनएम, कारण तीन वर्षांत पगार सुरू होतो. मूल शाळेत जात असेल, बारावीला विज्ञान असेल आणि वय तिशीच्या आत असेल तर बी.एस्सी.

माझी बारावी कला शाखेतून झाली आहे. चालेल?

एएनएम आणि जीएनएमला चालते. जीएनएमला इंग्रजी विषयासह बारावी आणि ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच, शिवाय राज्य सीईटी कक्षाची नर्सिंगची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. कला शाखेच्या मुलींना पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र जड जातं, पण वॉर्डात गेल्यावर चित्र पालटतं. ज्या बाईने घरात आजारी सासऱ्यांचं केलं आहे, तिला बेडसोअर (सतत पडून राहून अंगाला होणारी जखम) म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

‘घरबसल्या नर्सिंग’, ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा जाहिराती दिसतात. त्या खऱ्या का?

नाहीत. एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. यांपैकी काहीही पत्राने किंवा ऑनलाइन करता येत नाही. सहा महिन्यांचे जे कोर्स असतात ते रुग्णसाहाय्यकाचे. त्यात गैर काही नाही, कामही मिळतं, पण त्याने तुम्ही नोंदणीकृत परिचारिका होत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली तरच नर्स. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि राज्य परिषदेच्या यादीत आहे का ते स्वतः बघा. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नताही बघा. संस्थेच्या भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका, ते कधीच्या वर्षाचं आहे ते कोणी वाचत नाही.

शिकताना मूल आजारी पडलं तर रजा मिळते का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा.

रजा मिळते, पण ती भरून द्यावी लागते. परीक्षेला बसायला तासांची आणि प्रात्यक्षिकांची प्रत्येकी ८० टक्के हजेरी लागते. पदवी किंवा प्रमाणपत्र हातात पडायच्या आधी मात्र प्रात्यक्षिकांची, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीची हजेरी १०० टक्के व्हावी लागते. लेकराला ताप आला म्हणून चार दिवस घरी राहिलात, तर ते चार दिवस सुट्टीत किंवा परीक्षा झाल्यावर वॉर्डात उभं राहून भरायचे. बाकीच्या मुली दिवाळीला गावी गेलेल्या असतात आणि तुम्ही मेडिसिन वॉर्डात टीपीआर चार्ट (ताप, नाडी आणि श्वासाची नोंद) भरत असता. असं होतं, आणि त्याचं फार वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

म्हणून एक करा. वर्षाच्या सुरुवातीला रोटेशन प्लॅन लागतो. कुठल्या महिन्यात कुठलं पोस्टिंग, ते त्यात कळतं. त्याचा फोटो काढून घरी फ्रिजवर चिकटवा. प्रसूती विभाग, शस्त्रक्रियागृह आणि ग्रामीण भागातलं सामुदायिक आरोग्याचं पोस्टिंग, या तीन काळांत रजा जवळपास अशक्य असते. प्रसूती विभागात ठरलेल्या संख्येने बाळंतपणं बघावी आणि करावी लागतात, त्यांची केस बुकात नोंद लागते, आणि बाळंतपण तुमची वेळ बघून होत नाही. त्या आठवड्यांत आईला किंवा सासूबाईंना राहायला बोलवायचं असेल तर आधी दोन महिने बोलून ठेवा.

दुसरं, वर्गशिक्षिकेला मूल आहे हे पहिल्याच आठवड्यात सांगा. बऱ्याच जणी लपवतात. लपवून ठेवलेलं मूल आजारी पडलं की रजेचं कारण खोटं द्यावं लागतं, आणि एकदा खोटं पकडलं गेलं की पुढे खऱ्या कारणालाही कोणी मानत नाही.

वसतिगृहात राहणं सक्तीचं असतं का?

संस्थेवर आहे. काही सरकारी प्रशालांमध्ये वसतिगृहाचा आग्रह धरतात, कारण विद्यार्थिनींना पहाटेच्या आणि रात्रीच्या ड्युटीला पाठवायचं असतं. विवाहित विद्यार्थिनीला बाहेर राहायची परवानगी कोण देतं, लेखी देतात का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. ‘नंतर बघू’ हे उत्तर नाही असं समजा.

बाळ अजून अंगावर पितं. शक्य आहे?

सहा महिन्यांच्या आत असेल तर एक वर्ष थांबा, एवढं स्पष्ट सांगते. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध हे आपणच वॉर्डात आयांना शिकवतो. सहा महिन्यांनंतर वरचं सुरू झालं की जमवता येतं. दूध काढून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. ड्युटीच्या मध्ये दूध काढायला आडोसा मिळणं ही खरी अडचण. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली, आणि आपल्या कितीतरी नर्सिंग प्रशालांत विद्यार्थिनी-आईला दूध काढायला अजून चेंजिंग रूमच्या कोपऱ्याशिवाय जागा नाही. प्रसूती विभागाच्या इन्चार्ज सिस्टरशी बोला, तिथे बहुधा सोय होते.

शिकत असतानाच दिवस गेले तर?

२६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा नोकरदार बायकांसाठी आहे, विद्यार्थिनींसाठी नाही. हजेरी बुडते, आणि बहुतेक वेळा पुढच्या बॅचबरोबर बसावं लागतं. दुसरं मूल हवं असेल तर ते शिक्षणाआधी किंवा नोकरीत कायम झाल्यावर, असं नवरा-बायकोने आधीच ठरवलेलं बरं. आणि दिवस गेलेच, तर लगेच संस्थेला सांगा. क्ष-किरण विभाग, केमोथेरपीची औषधं आणि काही संसर्गजन्य वॉर्ड इथून तुमचं पोस्टिंग बदलून घेता येतं.

रात्रपाळीचं कसं करायचं?

बहुतेक ठिकाणी तीन पाळ्या असतात: सकाळची साधारण आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ, आणि रात्रीची आठ ते सकाळी आठ. काही खासगी रुग्णालयांत बारा-बारा तासांच्या दोनच पाळ्या चालतात. सकाळपाळीला मूल शाळेत असतं, दुपारपाळीला शाळेतून आल्यावर कोणीतरी लागतं. सगळ्यांना भीती रात्रीची वाटते.

खरं तर रात्र तितकी अवघड नाही. मूल रात्री झोपलेलं असतं, घरात एक मोठं माणूस असलं की झालं. अवघड असते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. तुम्ही साडेनऊला घरी येता, डोळे मिटत असतात, आणि तीन वर्षांचं पोर ‘आई आली’ म्हणून अंगावर उडी मारतं. घरच्यांनाही वाटतं की आता ही आली, हिच्याकडे देऊ. इथेच बायका मोडतात. रात्रभर जागून मग दिवसभर मूल सांभाळायचं आणि पुन्हा रात्री ड्युटी, असं तीन दिवस केलं की चौथ्या रात्री औषधाचा डोस चुकतो. दमलेल्या बाईची चूक म्हणून त्याकडे कोणी बघत नाही, मेमो मिळतो. आणि पेशंटचं जे व्हायचं ते होतंच.

तेव्हा घरात बोलायचं ते रात्रीबद्दल नाही, दिवसा दहा ते तीन या वेळेबद्दल. त्या पाच तासांत मूल कोणाकडे? अंगणवाडी, बालवाडी, शेजारच्या काकू, पाळणाघर, जे असेल ते ठरलेलं हवं. खोलीला पडदे लावा, फोन बंद ठेवा, दाराची घंटा काढा. पाहुण्यांना सांगून ठेवा. मूल अडीच-तीन वर्षांचं असेल तर घड्याळाचा लहान काटा तीनवर आला की आई उठेल, हे त्याला शिकवता येतं. सुरुवातीला रडतं, मग शिकतं.

रुग्णालयात पाळणाघर असतं ना?

कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत ते हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. २०१७च्या दुरुस्तीने हे आलं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी नाही, किंवा आहे ते फक्त सकाळच्या पाळीला. मुलाखतीत विचारा. विचारल्याने नोकरी जात नाही.

मी घरी आजार घेऊन येईन, ही सासूबाईंची भीती आहे.

भीती अगदीच खोटी नाही, पण तिला उपाय आहेत. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी) वॉर्डात जाण्याआधी सुरू करा. कांजिण्या आणि रुबेला झालेत का, लस घेतलीय का, हे तपासा. रुबेलाची लस घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात, तेही लक्षात ठेवा. युनिफॉर्म रुग्णालयातच बदला, वेगळ्या पिशवीत आणा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. घरी आल्यावर आंघोळ, मग मुलाला जवळ घ्या. सुई टोचली तर लपवू नका. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. मुलांच्या लसी वेळेवर ठेवा. एवढं केलं की नर्सच्या मुलांना इतर मुलांपेक्षा फार वेगळं काही होताना दिसत नाही.

फी, सवलती आणि कागदपत्रं?

जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळते. अट एकच मोठी: प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर.

विवाहितेची खरी डोकेदुखी नावाची. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि शक्य असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद तयार ठेवा. जातीचा दाखला आणि जात वैधता वडिलांकडून असते, नवऱ्याकडून नाही. नॉन-क्रिमीलेअरही आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतं. हे दाखले लग्नानंतर माहेरच्या तालुक्यातून काढायला वेळ लागतो, म्हणून बारावीचा निकाल जुना असला तरी आजच सुरुवात करा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते सेतू केंद्राजवळ अर्ध्या तासात होतं.

पगार किती मिळतो?

राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४००पासून सुरू होते, आरोग्य सेविकेची २५,५००पासून, वर भत्ते. खासगीत परिस्थिती कुठे बरी, कुठे लाजिरवाणी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० खाटांपर्यंतच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि २०० खाटांच्या वर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. शिफारस कागदावर आहे. तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये आजही त्याच्या निम्म्यावर मुली काम करतात. पाळणाघर आणि रिक्षा वजा करून हातात काय उरतं, याचा हिशेब पहिल्या नोकरीआधी मांडा.

सरकारी नोकरीत आईला काय मिळतं?

१८० दिवसांची प्रसूती रजा. शिवाय राज्यात मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवस बालसंगोपन रजा, आणि केंद्राच्या संस्थांत, उदाहरणार्थ नागपूरच्या एम्समध्ये, ७३० दिवस. रजा आहे म्हणून मागितल्याबरोबर मिळते असं नाही. वॉर्डात तीसच्या जागी साठ पेशंट असतात तेव्हा मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, कोणाला सोडणार? बदलीचाही विचार ठेवा.

मी नवरा आहे. बायकोला शिकायचं आहे. मी काय करायचं?

छान विचारलंत. हा प्रश्न फार कमी येतो. ‘माझी परवानगी आहे’ म्हणून थांबू नका. स्वयंपाक येतो का? मुलाचा डबा, दप्तर, लसीची तारीख, डॉक्टरचा नंबर तुम्हाला माहीत आहे का? तिच्या पहिल्या सत्राआधी महिनाभर हे सगळं तुमच्याकडे घ्या, ती घरात असतानाच. आणि परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका.

सासरी म्हणतात, नर्सिंग हे हलकं काम.

हे जुनं आहे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं आणि तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकू लागल्या, तेव्हा घराघरांत हेच ऐकू आलं असणार. परक्या पुरुषाला हात लावायचा, विष्ठा-मूत्र काढायचं, रात्री बाहेर राहायचं. वाद घालून मत बदलत नाही. घरात कोणी आजारी पडून रुग्णालयात राहून आलं की आपोआप बदलतं.

लष्करी नर्सिंगला अर्ज करता येईल?

चार वर्षांच्या लष्करी बी.एस्सी. अभ्यासक्रमाला विवाहितांना प्रवेश नाही. नोकरीत असलेल्यांबाबत मात्र एक निकाल माहीत असू द्या. लष्करी परिचर्या सेवेतल्या सेलिना जॉन यांना लग्न केलं म्हणून १९८८ साली सेवेतून काढलं होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लिंगभेद असल्याचं सांगून त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

जीएनएम झालंय, पण मुलांसाठी सात वर्षं घरी होते. परत येता येईल?

येईल, आणि तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. परिषदेतली नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ती संपली असेल तर विलंब शुल्क भरून आणि सीएनईचे (नोंदणीकृत नर्सनी करायच्या पुढच्या प्रशिक्षणाचे) तास पूर्ण करून घ्या. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायचा उपचार) नव्याने शिका. पहिल्या नोकरीत थेट आयसीयू मागू नका. सहा महिने जनरल वॉर्डात काढले की हात पुन्हा बसतो.

रात्रपाळी नसलेल्या जागा आहेत का?

ओपीडी, लसीकरण, डे-केअर, नेत्र रुग्णालयं, शाळा आणि कारखान्यांतली आरोग्य केंद्रं, नर्सिंग प्रशालेतली पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिक्षिका. पण नवीन मुलीला या जागा सहसा देत नाहीत, आधी वॉर्डाचा अनुभव मागतात. डायलिसिसलाही पहाटेची पाळी असतेच. सुरुवातीची दोन-तीन वर्षं रात्री कराव्या लागतील असंच धरा.

परदेशात जायचं म्हणून नर्सिंग करावं का?

मुलं लहान असताना हा पहिला हेतू ठेवू नका. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. पण जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत (म्हणजे कामावर सहज बोलता-लिहिता येईल इतकी) न्यावी लागते, आणि आधी एकटीनेच जावं लागण्याची शक्यता जास्त. तीन वर्षांच्या मुलाला इथे ठेवून जायचं का, हे आधी ठरवा. जर्मन नंतर शिका.

मग मूल पहिलीत जाईपर्यंत थांबू का?

वय २५ असेल तर खुशाल थांबा, पण नुसतं थांबू नका. दाखले काढा, इंग्रजी वाचा, सीईटीची तयारी करा. वय ३२ असेल तर थांबणं परवडणारं नाही. तेव्हा मूल दोन वर्षांचं असलं तरी जीएनएमचा फॉर्म भरा, आणि फॉर्म भरण्याआधी एक चाचणी घ्या: सलग दोन आठवडे सकाळी सातला घराबाहेर पडायचं आणि तीनला परतायचं, कुठेही, वाचनालयात बसलात तरी चालेल. घर चाललं का ते बघा. जिथे अडलं, तिथे आधी माणूस शोधा.